पाण्याखालचा लेप

रखमाजी मिस्त्री हौदात उतरण्याआधी जोडे काढायचे, पटका काढून काठावर ठेवायचे आणि मग उजव्या पायाची टाच हौदाच्या भिंतीला लावून एकदाच वरून खाली ओढायचे. तेवढ्यावर ते सांगायचे, हौद कधी घासला होता.

"चौथा दिवस."

"न्हाई हो मिस्त्री, कालच घासला," घरधनी म्हणायचा.

मग स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोचा आवाज यायचा, "सोमवारी घासलाय. काल म्हनून कोन सांगून राह्यलं?" बोटांवर मोजलं की चौथाच दिवस निघायचा.

हाताऐवजी टाच का, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी दोन्ही पंजे माझ्यापुढे धरले. काळे, तळव्याची कातडी जागोजाग सोलून पुन्हा आलेली.

"हात बिब्ब्यानं मेलेत, अक्का. टाच जिती हाय अजून."

ही हकिकत जालन्याची, निजामाच्या राज्यातली, दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधीच्या दोन-तीन वर्षांतली. मी तेव्हा पंचविशीत होते. नवरा वारल्यावर जालन्यातल्याच मस्तगडात माहेरी परत आले होते आणि वडिलांच्या तेलघाण्याचं दुकान सांभाळत होते. वडिलांना दिसेनासं झालं होतं, भाऊ नव्हता. बाईमाणूस दुकानात बसते याबद्दल लोकांना जे बोलायचं होतं ते त्यांनी वर्षभर बोलून घेतलं आणि मग मुकाट तेल न्यायला लागले.

रखमाजी आमचं गिऱ्हाईक, आणि दुकानामागच्या खोलीचे भाडेकरूही. पंचावन्नच्या आसपासचं वय, अंगानं वाळलेले, उंच. मूळचे केदारखेड्याचे, घर धनगराचं. भावानं मेंढरं राखली, यांनी नदीवरच्या नावेला खालून लेप देण्याचं काम धरलं, पुढे जालन्यातल्या एका म्हाताऱ्या उस्तादाकडे चुन्याचं काम शिकले. पाण्याखाली जे जे राहतं त्याला लेप देणं हा त्यांचा धंदा. हौद, टाक्या, मोटेचं पाणी पडतं ती विहिरीवरची थारोळी, अंबड तालुक्यातल्या गोदावरीच्या काठच्या नावा. घराच्या भिंती ते घ्यायचे नाहीत. "भितीचं काम कोनीबी करील. पावसाचे चार म्हैने सोडले तर तिला करायचंच काय असतं?"

चुना ते स्वतः भिजत घालायचे, कमीत कमी पावसाळाभर. त्यात हिरड्याचं पाणी, गूळ, विटांची भुकटी. लेप दिला की गारगोटीनं घोटायचे. घोटणं संपलं हे ते कानानं ओळखायचे. गारगोटीचा आवाज बदलतो म्हणायचे. मला तो कधी बदललेला ऐकू आला नाही. लाकडाला मात्र आधी बिब्बा. बिब्ब्याचं काळं तेल आमच्या जवसाच्या तेलात कढवून ते कुंच्यानं गरम गरम चोपडायचे, ओलं असतानाच वर विटांची भुकटी भुरकायचे, म्हणजे वरचा चुना धरतो. हे सगळं चालू असताना जवळ कुणाला फिरकू द्यायचे नाहीत. त्यांच्या बायकोलाही नाही. सोनाबाई लांबूनच तीळ आणि खोबरं वाटून ठेवायची. बिब्बा उतून फोड आले की त्यावर तेच लावतात.

"माज्या हातचं तीळ-खोबरं लाडवात कमी आन् यांच्या अंगावर जास्ती गेलं," असं ती म्हणायची. ते खरं असावं.

तेल घ्यायला आले की रखमाजी थेंब नखावर घेऊन उन्हात धरायचे. मग वास. मग म्हणायचे, "करडीचं मिसळलंय." आमचे वडील आतून चिडून ओरडायचे, "मिसळलंय काय? घाण्यात आदल्या दिशीचं राह्यलं आसंल थोडं!" रखमाजी म्हणायचे, "तेच म्हनून राह्यलो मी." आणि डबा तसाच ठेवून जायचे. दुसऱ्या दिवशी घाणा धुवावा लागायचा.

मला हा माणूस आवडायचा, तो त्याच्या तेलातल्या कटकटीमुळे. ज्याला माल कळतो त्याच्याशी व्यवहार सोपा असतो.

आमच्या परसातल्या विहिरीत त्यांनी खापऱ्या सोडल्या होत्या. फुटक्या माठांच्या खापऱ्यांना भोकं पाडून, दोरीत ओवून, प्रत्येकीला वेगळा लेप देऊन त्या पाण्यात लोंबत ठेवलेल्या. पंधरा दिवसांनी एकेक वर काढून बघायचे. शेजारणी पाणी शेंदायला आल्या की त्यांच्या बादल्या दोऱ्यांत अडकायच्या.

"मिस्त्री, विहिरीला पैंजण घातलंत का?" एक जण म्हणायची.

"नाचती का बघून राह्यलो," रखमाजी म्हणायचे.

एकदा त्यांनी मला दोन खापऱ्या दाखवल्या. एकीवर नुसती बुळबुळ, नखानं निघेल इतकी पातळ. दुसरीवर तीच बुळबुळ जाड झालेली, हिरवी, आणि तिच्यावर बारीक शंखाच्या गोगलगायी.

"हे बघा अक्का. कोरं असं काही पान्यात राहातच न्हाई. आज टाकलं की आज रातीपून त्याच्यावर बुळबुळ धरती. डोळ्याला दिसत न्हाई, टाचंला लागती. ती झाली बैठक. मंग शेवाळ येतं. मंग ह्या बाया येतात, अंडी घालतात, घर करतात. बाईला हाकलून उपेग न्हाई. बैठकच अंथरू द्यायची न्हाई."

"मग तुमच्या लेपावर बैठक अंथरली जात नाही?"

"नवा चुना जाळतो तिला. घोटला तर धरायलाबी काही सापडत न्हाई." मग खापऱ्या परत विहिरीत सोडत, "दोन वर्सं. पुढं सांगत न्हाई."

दोन वर्षांच्या पुढचं सांगत नाही, ही त्यांची सवय मला दुकानदार म्हणून पटायची. म्हणून पुढे जे झालं त्याचं मला नवल वाटलं.

सरकीचा व्यापार करणारे एक शेठजी आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायचे. त्यांच्या हौदाला रखमाजींचा लेप होता. शेठजींचा चुलतभाऊ मुंबईला होता आणि त्याचा माल कोकणच्या खाड्यांतून मचव्यांनी जायचा-यायचा. एक दिवस दुकानात शेठजी सांगत होते की मचव्यांच्या बुडाला समुद्रात शिंपा चिकटतात, दर चार महिन्यांनी मचवा वाळूत ओढून तासावा लागतो, तासला नाही तर तो चालत नाही. चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. रखमाजी नखावर तेल घेऊन उन्हात उभे होते.

"आमच्या मिस्त्रीचा लेप लावला तर?" शेठजी म्हणाले. गंमतच करत होते.

"तर न्हाई बसायची शिंप," रखमाजी म्हणाले.

"समुंदर हाय मिस्त्री. तुमचा हौद न्हाई."

"पानी ते पानी. बिलकुल न्हाई बसायची."

"बसली तर?"

रखमाजींनी नख पुसलं. "बसली तर माजा कुंचा विहिरीत टाकीन. पुन्हा हातात धरनार न्हाई."

मी तेल मापत होते. मापता मापता मला वाटलं, हा माणूस शुद्धीवर नाही. पण शब्द गेला होता, आणि मस्तगडात दुकानात गेलेला शब्द दुपारपर्यंत बाजारात पोचायचा.

रखमाजींनी समुद्र कधी पाहिला नव्हता. जालन्यात पाहिलेले मोजकेच. लेप दिलेल्या फळ्या समुद्रात टांगायला पाठवायच्या, पण त्याआधी आपण इथेच पारख करायची, असं त्यांनी ठरवलं. घाण्यामागे आमचा एक जुना, वापरात नसलेला दगडी हौद होता. तो त्यांनी पाण्यानं भरला आणि दोन पोती मीठ आणून त्यात ओतलं. प्रश्न एवढाच राहिला, की समुद्र किती खारट असतो. शेठजींचे मुनीम एकदा मुंबईला गेले होते आणि चौपाटीवर लाट अंगावर येऊन त्यांच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं. तेव्हा तेच परीक्षक ठरले. टोपी, उपरणं सांभाळत मुनीम आले, ओंजळीत पाणी घेतलं, डोळे मिटून चूळभर तोंडात धरलं.

"थोडं अजून," ते म्हणाले.

आणखी अर्धं पोतं पडलं. मुनिमांनी पुन्हा चव घेतली आणि पचकन थुंकून म्हणाले, "हां. आता बराबर. तेव्हाबी असंच मळमळलं होतं."

त्या समुद्रात रखमाजींनी लेप दिलेली एक फळी सोडली. दोन महिने रोज सकाळी येऊन टाच लावायचे. फळी अंड्याच्या टरफलासारखी पांढरी आणि तशीच स्वच्छ राहिली. ना बुळबुळ, ना शेवाळ, ना गोगलगाय. रखमाजींची चाल बदलली. सोनाबाई म्हणाली, "समिंदर हौदात आल्यापासून घरात पाय ठरंना यांचा."

एक दिवस मी हौदाजवळ गेले आणि मला जे दिसलं ते बोलले.

"मिस्त्री, हौदाची भिंत बघितली का? ती पण स्वच्छच हाय. तिला तर लेप न्हाई."

रखमाजींनी भिंतीकडे पाहिलं. "ती दगडाची हाय."

"मिठाआधी याच दगडी हौदात पावसाचं पाणी साचून हिरवंगार शेवाळ असायचं. मिठानं मेलं असेल सगळं. मेलेल्या पाण्यात काय बसणार?"

"समुद्रातबी मीठच हाय की."

"पण तिथं शिंपा हायेत. इथं कुठून येतील?"

ते फळीकडे वळले. मला आता कळतं, त्यांनी ऐकलं होतं. पण शब्द देऊन झाला होता आणि फळी स्वच्छ होती. अशा वेळी माणूस भिंतीकडे बघत नाही.

पाठवायच्या फळ्या मात्र मीच गोणपाटात शिवल्या, कारण पत्र मी लिहिणार होते आणि पार्सल मी करणार होते. सागवानाच्या हातभर लांबीच्या चार फळ्या लेप दिलेल्या. मी म्हटलं, "पाचवी कोरी टाका. तिला काही लावू नका."

"कोरी कशाला? तिच्यावर बसनारच."

"किती बसतात ते तरी कळेल. न्हाईतर चारांवर एक-दोन बसल्या तर जास्त म्हणायचं का कमी?"

"अक्का, तुमी तेलाच्या धंद्यात वाया गेलात," रखमाजी म्हणाले. पण कोरी फळी आणून दिली. शेठजींच्या चुलतभावाच्या ओळखीनं रामा तांडेल नावाचा एक कोळी होता, मचवा चालवणारा. त्याच्याकडे, खाडीत टांगायला, दसऱ्यानंतर पाचही फळ्या गेल्या.

शिमग्याच्या सुमारास पार्सल परत आलं. स्टेशनवर करोडगिरीच्या नाक्यावर ते अडकून पडलं होतं, कारण बाहेरच्या राज्यातून आलेल्या प्रत्येक मालावर जकात होती आणि हा माल कसला, हे कारकुनाला ठरवता येईना. रखमाजी आणि मी गेलो तेव्हा तो नाकाला रुमाल लावून बसला होता.

"क्या मंगवाए जी बंबई से? लकडी लिखूं या मछली?"

"फळ्या हायेत साहेब. लकडी."

"लकडी कू ऐसी बू आती?" त्यानं सुरीनं गोणपाटाची शिवण थोडी उसवली, आत डोकावला, आणि लगेच पार्सल पायानं आमच्याकडे ढकललं. "ले जाओ. कुछ नको. जल्दी ले जाओ."

त्या वासावरूनच मला अंदाज आला होता.

दुकानामागे जाऊन मी गोणपाट सोडलं. वर तांडेलाचं पत्र होतं, कुणा मास्तरकडून लिहून घेतलेलं. मी वाचायला लागले, "फळ्या आठ दिवसांनी एकेकदा पाहिल्या. पहिल्या महिन्यातच..."

"पुरे," रखमाजी म्हणाले. त्यांनी फळ्या एकेक करून भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. मी पत्राची घडी केली.

कोऱ्या फळीवर वाळलेली बुळबुळ होती आणि दहा-पंधरा शिंपा. बाकीच्या चार कुठल्या लाकडाच्या हे ओळखता येत नव्हतं. शिंपेवर शिंप, कडेला कड, करकरीत धारदार, मध्ये लाहीएवढे पांढरे टोकदार दाणे. लेपाचा पांढरा रंग शोधूनही दिसत नव्हता.

तेवढ्यात शेठजी आले. पार्सल आल्याचं त्यांना कळलं होतं. त्यांनी पाहिलं, उपरण्याचं टोक नाकाला लावलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "कोनी बघितलं?"

"आम्हीच," मी म्हटलं.

"मंग झालं. मिस्त्री, खुरपं घ्या आन् तासून काढा. चारीबी. वरून एक हात चुना मारा. कोरी फळी चुलीत घाला. मीबी चुलतभावाजवळ छाती ठोकून बसलोय, माजाबी शब्द हाय ह्यात. पुढच्या वर्सी दुसरा लेप धाडू, कोन इचारतंय?"

रखमाजी म्हणाले, "अक्का, खुरपं द्या."

मी दिलं. द्यावं की नाही असं मनात आलं, पण खुरपं त्यांचंच होतं. ते उकिडवे बसले, फळी मांडीवर घेतली आणि एका मोठ्या शिंपेच्या खाली खुरप्याचं टोक घालून हलकेच उचकलं. शिंप टणकन उडाली. त्यांनी ती उचलून उलटी केली, बुडाकडून जिभेवर लावली, मग बोटानं चाचपली, बोटाला कळेना तेव्हा टाचेवर घासली. बराच वेळ बघत होते.

"चुना," ते म्हणाले.

"काय?" शेठजी म्हणाले.

"हिचं अंगच चुन्याचं हाय. सगळी चुन्याची हाय ही." त्यांनी फळीवरची उघडी पडलेली जागा दाखवली. "माजा लेप शिंपेसंगं उठून आला बघा. शिंप सुटली न्हाई लेपापून, लेप सुटला फळीपून. लई पक्की धरलीय." मग खुरपं बाजूला ठेवलं. "चुन्याच्या घरात राहनारीला मी चुन्याचा ओटा करून दिला, शेठजी. वर गारगोटीनं घोटून."

"ते ठीक. तासताय ना?"

"न्हाई."

त्या संध्याकाळी त्यांनी पाचही फळ्या, ज्यात ते चुना दळायचे त्या घाण्याच्या खांबाला खिळ्यांनी ठोकल्या. चौकातच होता तो. कोरी मधोमध. दुसऱ्या दिवशी सगळं मस्तगड नाक धरून बघून गेलं. रखमाजी शेजारी उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, ही कोरी, ह्या माझ्या. लोकांनी सोडलं नाही.

"मिस्त्री, आता हौद लिपायला आले की भाकर आमची, कालवण तुमचं!"

"शेठजींच्या हौदात बघा रं कोनी, मासोळ्या धरल्या असतील!"

रखमाजी म्हणाले, "हौदात न्हाई बसायच्या. गोड पानी हाय." एवढंच. चेष्टेला उत्तर म्हणून नव्हे, कामाची माहिती म्हणून.

मग कुंच्याचा दिवस आला. ते कुंचा घेऊन चौकातल्या विहिरीकडे निघाले तेव्हा बायकांनी वाट अडवली. बिब्ब्यात बुडालेला कुंचा पिण्याच्या पाण्यात टाकणार म्हणजे काय! "शब्द तुमचा आन् अंगावर फोड आमच्या?" हे रखमाजींच्या डोक्यात आलंच नव्हतं. पाण्याच्या शुद्धतेवर ज्यानं जन्म काढला त्याच्या डोक्यात हे येऊ नये, यावरून त्यांची त्या दिवशीची अवस्था समजावी. शेवटी वेशीबाहेरची पडकी, कोरडी विहीर ठरली. दहा-बारा माणसं बरोबर गेली. कुंचा पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही, खाली पाचोळा होता.

आठ दिवसांत रखमाजी आणि सोनाबाई केदारखेड्याला भावाकडे गेले. हातात धंदा नाही तर जालन्यात बसून करायचं काय? जाताना खोलीची किल्ली मला दिली. भिजवलेल्या चुन्याचा रांजण तसाच परसात राहिला.

तांडेलाचं पत्र माझ्या गल्ल्याच्या फळीखाली होतं. "पुरे" म्हटल्यावर मी मोठ्यानं वाचणं थांबवलं होतं, पण त्याच रात्री मी ते पुरतं वाचलं होतं. शेवटच्या चार ओळी अशा होत्या: घरातली मंडळी विचारतात की हा पांढरा लेप काय आहे. ह्या खाडीच्या दगडांवरची कालवं, म्हणजे ह्याच शिंपा, काढून बायका विकतात, पण दगड कमी आणि चिखल फार. असा लेप कौलांना देऊन ती चिखलात रोवली तर कालवं बसतील. मात्र सुटली पाहिजेत, फळीवरची काढताना फुटतात. मिस्त्रींनी येऊन दाखवलं तर उतरण्याची सोय आमच्याकडे आहे.

हे मी तेव्हाच का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर गाव म्हणालं असतं, शब्दातून सुटायला वाट काढली. आणि त्यांनी स्वतः काय म्हटलं असतं ते मला माहीत नव्हतं. म्हणून मी ठेवून दिलं.

आषाढात रखमाजी लोकर विकायला जालन्यात आले. दुकानात आले, तेल मागितलं नाही. तरी सवयीनं उघड्या डब्याचा वास घेतला.

"मेंढरं कशी हायेत?" मी विचारलं.

"मेंढरं बरी हायेत. मला ओळखत न्हाईत." लोकर बांधायची दोरी ते बोटाला गुंडाळत होते. "भाऊ म्हनतो, तू नुसता बस. बसता येत न्हाई, अक्का."

मी पत्र काढलं आणि शेवटच्या ओळी वाचून दाखवल्या. त्यांनी त्या दोनदा वाचायला लावल्या.

"खातात?" ते म्हणाले.

"खातात. विकतात पण."

"आन् त्या बसाव्यात म्हनून लेप?"

"असं लिहिलंय."

ते हसले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसले असावेत, कारण ते जमलं नाही, खोकला आला. "जल्म गेला बसू न्हाई द्यायला. आता बसवायला जाऊ?" मग एकदम गंभीर होऊन, "कुंचा टाकलाय मी."

"कौल चुन्यात बुडवायला कुंचा कशाला लागतो?"

मी गिऱ्हाईक आलं होतं त्याच्याकडे वळले. त्याचं तेल देऊन झालं तरी रखमाजी तिथेच होते.

"पन सुटला पाहिजे म्हनतात," ते स्वतःशी म्हणाले. "सुटनारा लेप."

आठवड्याभरात सोनाबाईला घेऊन ते पुन्हा मागच्या खोलीत राहायला आले. आता ज्यानं तीस वर्षं न सुटणारा लेप केला त्याला सुटणारा करणं किती जड गेलं, हे मी परसातून रोज पाहिलं. गूळ कमी केला. हिरडा काढून टाकला. वाळू वाढवली. घोटणं बंद, आणि हे त्यांना सगळ्यात कठीण गेलं. हात गारगोटीकडे जायचा आणि ते तो मांडीखाली दाबून धरायचे. कौल बुडवायचे, वाळवायचे, आठवडाभर विहिरीत ठेवायचे, आणि मग नखानं टोकायचे. पोपडा पडला नाही तर वैतागायचे. पडला तर जास्त वैतागायचे.

"माज्या उस्तादानं हे बघितलं असतं तर कान उपटला असता," ते म्हणायचे. "मुद्दाम वाईट काम. वाईटबी बराबर मापात वाईट."

सोनाबाई पायरीवर बसून म्हणाली, "आता कोकनात जातेत म्हनं. परसात समिंदर केल्ता तवा पोट भरलं न्हाई का?"

"तू येनार न्हाईस का?" रखमाजी म्हणाले.

"मी न्हाई म्हनलं का? तीळ-खोबरं तिकडं कोन वाटील?"

"आता बिब्बा न्हाई लावायचा."

"मंग तर यायलाच पाहिजे. हात कसे दिसतेत ते बघू तरी," सोनाबाई म्हणाली.

गावात बातमी गेलीच. शेठजी दुकानात म्हणाले, "मिस्त्रीनं कुंचा टाकला, हात टाकले न्हाईत." मी म्हटलं, "हात टाकायचं बोलणं झालं नव्हतं. मी इथंच होते, तेल मापत होते." शेठजींनी विषय बदलला.

दिवाळी झाल्यावर ते निघाले. मी स्टेशनवर गेले होते, कारण माझं तेलाचं पार्सल त्याच गाडीनं जायचं होतं. रखमाजींच्या डोक्याला नवा पटका होता. दोन गोणपाटाची गाठोडी, प्रत्येकात गवत घालून बसवलेली पांढरी कौलं. सोनाबाई डब्यात बसून एका गाठोड्यावर हात ठेवून होती, शेजारच्या बाईला त्याला टेकू देत नव्हती.

नाक्यावरचा कारकून तोच होता. त्यानं गाठोडं पाहिलं, रखमाजींना ओळखलं आणि लांबूनच विचारलं, "क्यूं मिस्त्री, अब के बू नहीं आती?"

"येताना येईल साहेब," रखमाजी म्हणाले.

ते परत आले नाहीत, म्हणून मी त्यांना पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. गाडी हलली तेव्हा ते खिडकीशी होते. हात बाहेर होता. पंजा आता काळा राहिला नव्हता, चुन्यानं पांढरा आणि भेगाळलेला होता. मला वाटलं निरोपाचा हात आहे, म्हणून मीही उचलला. तर त्यांनी दुसऱ्या हातानं मांडीवरून काहीतरी उचलून खिडकीत धरलं. साधं, लाल, काही न लावलेलं कौल.

"अक्का," ते गाडीच्या आवाजावर ओरडले, "एक कोरं बी घेतलंय!"